स्कींना घरी मेण लावण्याचा संच : मुंबईच्या हवेत वापरून केलेले परीक्षण

मुंबईत स्वतःच्या स्की बाळगणारे लोक आजही थोडेच आहेत. पण गुलमर्ग, औली किंवा सोलंगला प्राथमिक प्रशिक्षण घेऊन आलेल्यांपैकी काही जण एक-दोन हिवाळ्यांत स्वतःची जोडी घेतात आणि मग तिच्या देखभालीचा प्रश्न उभा राहतो. ही जोडी वर्षातले मोजके दिवस बर्फावर असते आणि उरलेला सगळा काळ मुंबईतल्या एखाद्या सदनिकेत, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या आणि दमट हवेत पडून असते. युरोपात तयार होणारे देखभालीचे संच मात्र त्या मोजक्या दिवसांचाच विचार करून बनवलेले असतात. म्हणून अशा संचाचे मूल्यमापन आपण वेगळ्या कसोटीवर करायला हवे. बर्फावर स्की किती वेगाने धावतात यापेक्षा जून ते सप्टेंबरच्या पावसाळ्यानंतर त्या कोणत्या अवस्थेत हाती येतात, हा मुंबईकराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. एका युरोपीय कंपनीचा सुरुवातीच्या पातळीवरचा संच मी गेले काही हंगाम दादरच्या घरी वापरत आहे आणि हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या पातळीवरच्या संचांतील वस्तू थोड्याफार फरकाने सारख्याच असतात आणि त्यांच्या जमेच्या व उणिवेच्या बाजूही सारख्याच निघतात.

संचात एक विजेची इस्त्री, सर्व तापमानांसाठी चालणाऱ्या मेणाची वडी, जादा मेण खरवडण्याचा ॲक्रिलिकचा स्क्रेपर, नायलॉनचा ब्रश, कडांना धार लावण्याचे छोटे हत्यार, तळावरच्या खाचा भरण्यासाठी पॉलिथिलीनच्या काड्या आणि एक खरखरीत स्पंज एवढ्या वस्तू येतात.

सर्वांत आधी इस्त्रीविषयी लिहितो, कारण संचाच्या किमतीचा मोठा भाग तिच्यावरच खर्च होतो आणि तो खर्च योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. स्कीचा तळ अतिशय उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा असतो. हे प्लास्टिक साधारण १३० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळू लागते, आणि मेण तळात नीट मुरावे म्हणून इस्त्री बहुधा ११० ते १४० अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते. म्हणजे हवे असलेले तापमान आणि नुकसान करणारे तापमान यांच्यात फारसे अंतर नाही, आणि स्की वाचते ती केवळ इस्त्री सतत सरकत राहिल्यामुळे व तिच्याखाली वितळलेल्या मेणाचा थर असल्यामुळे. कपड्यांच्या घरगुती इस्त्रीचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे तिचे तापमान वर-खाली होत राहते. शिवाय वाफेच्या इस्त्रीला भोके असतात आणि त्यांत मेण जाऊन बसते. जुनी कपड्यांची इस्त्री वापरली तर चालते असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो मी कोणालाही देणार नाही. स्कीसाठी बनवलेल्या इस्त्रीचा ॲल्युमिनियमचा तळ जाड असतो, तो उष्णता धरून ठेवतो, आणि थंड स्कीवर टेकवल्यावरही तापमान लगेच कोसळत नाही. या संचातील इस्त्री त्या बाबतीत समाधानकारक आहे. तिच्यावरचे तापमानाचे आकडे मात्र सर्वस्वी विश्वासाने घेऊ नयेत. मेणातून धूर निघू लागला तर इस्त्री जास्त तापली आहे, आणि इस्त्रीच्या मागे ओल्या मेणाचा बोटभर लांबीचा पट्टा राहून तो क्रमाने गोठत गेला तर तापमान व गती दोन्ही बरोबर आहेत, ही खूण आकड्यांपेक्षा अधिक भरवशाची आहे. स्कीच्या वरच्या बाजूला हात लावला असता ती कोमट लागावी, गरम लागू नये.

इस्त्री विकत घेताना एक गोष्ट तपासलीच पाहिजे. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली इस्त्री ११० ते १२० व्होल्टची असते आणि आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती जळून जाईल. युरोपीय इस्त्री आपल्या विजेवर व्यवस्थित चालते; फक्त तिची गोल पिनांची प्लग आपल्या सॉकेटमध्ये नीट बसत नाही. यासाठी रस्त्यावर मिळणारा ढिला ॲडॉप्टर वापरू नये. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून चांगल्या प्रतीची, अर्थिंग असलेली तीन पिनांची प्लग आणून जाणकार वायरमनकडून बदलून घ्यावी.

मेणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. स्की बर्फावरून सरकते तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने तळाखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. फार थंड बर्फावर हा थर पुरेसा तयार होत नाही आणि बर्फाचे टोकदार स्फटिक तळाला ओरखडतात, म्हणून तिथे कडक मेण लागते. ओल्या, उबदार बर्फावर पाणी अधिक असल्याने तळ खाली चिकटल्यासारखा होतो, म्हणून तिथे पाणी झटकून टाकणारे मऊ मेण लागते. स्विक्स आणि टोको यांसारख्या कंपन्यांची मेणे याच तत्त्वावर रंगांनी ओळखली जातात : पिवळे उबदार बर्फासाठी, लाल मधल्या तापमानासाठी, निळे आणि हिरवे थंडीसाठी. या तापमानाचा विचार करताना अनेकांचा गोंधळ होतो. दुपारी हवा पाच-सहा अंशांवर गेली तरी बर्फ शून्याच्या वर जाऊ शकत नाही. तो फक्त अधिक ओला होतो.

संचातील सर्व तापमानांची वडी ही तडजोड आहे, पण आपल्यासाठी ती चांगली तडजोड आहे. आपण शर्यतीत उतरत नाही, आणि एकाच आठवड्यात गुलमर्गला खालच्या उतारांवर दुपारी ओला बर्फ व तिथल्या अफरवाट शिखराच्या माथ्यावर कोरडा भुसभुशीत बर्फ असे दोन्ही अनुभव येतात. जानेवारी-फेब्रुवारीत गोंडोलाच्या, म्हणजे रज्जुमार्गाच्या, दुसऱ्या टप्प्याने वर जाणाऱ्यांनी सोबत निळ्या मेणाची एक वडी वेगळी घ्यावी, एवढेच सुचवतो. औलीला मार्चमध्ये जाणाऱ्यांना संचातील वडी पुरते.

मेण घेताना ते फ्लोरिनयुक्त नाही याची खात्री करून घ्यावी. फ्लोरिनयुक्त मेणे ओल्या बर्फावर फार वेगवान होती, परंतु त्यांतील रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत आणि इस्त्री करताना निघणारा त्यांचा धूर फुप्फुसांना घातक असतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१९ मध्ये या मेणांवरील बंदी जाहीर केली आणि २०२३-२४ च्या हंगामापासून ती प्रत्यक्ष लागू झाली. तरीही जुना साठा ऑनलाइन सवलतीत विकायला येऊ शकतो. मुंबईतल्या लहान, दारे-खिडक्या जवळजवळ असलेल्या घरात, शेजारी मुले झोपलेली असताना, असले मेण वितळवण्याचा विचारही करू नये. साधे, फ्लोरिन नसलेले हायड्रोकार्बन मेणही खिडकी उघडी ठेवूनच वितळवावे.

आता मुंबईच्या हवेमुळे येणाऱ्या अडचणीकडे वळतो. संचासोबतच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नाही. पुस्तिका सांगते की मेण लावल्यावर स्की खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मग स्क्रेपरने जादा मेण खरवडून काढावे. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या मनातली खोली वीस अंशांची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असलेली खोलीही बत्तीस-तेहतीस अंशांवर असते. त्या तापमानाला मऊ मेण पूर्ण घट्ट होत नाही. स्क्रेपर फिरवला की कोरडे पापुद्रे निघण्याऐवजी मेण पुढे सरकत जाते आणि ॲक्रिलिकच्या धारेला चिकटून बसते. जोर वाढवल्याने काम सुधारत नाही, उलट तळात मुरलेले मेणही उपसले जाते. यावर उपाय साधा आहे. वातानुकूलित खोली असेल तर स्की तिथे तासभर ठेवाव्यात आणि तिथेच खरवडाव्यात. नसेल तर हे काम सूर्य वर येण्यापूर्वी, पहाटे करावे. डिसेंबरच्या अखेरीस, प्रवासाच्या तयारीच्या वेळी, मुंबईची सकाळ या कामाला पुरेशी थंड असते. कडक निळ्या मेणाला हा त्रास जवळजवळ होत नाही. ते पूर्ण गार झाल्यावर ठिसूळ होऊन उडते, म्हणून किंचित कोमट असतानाच पहिला हात फिरवणे सोयीचे.

स्क्रेपरची जाडी चांगली आहे आणि तो वाकत नाही. त्याची धार मात्र लवकर गोल होते, आणि धार गेलेला स्क्रेपर वापरल्यास सगळे श्रम वाया जातात. लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर सँडपेपर लावून त्यावर स्क्रेपर काटकोनात घासला की धार परत येते. खरवडलेले मेण वर्तमानपत्रावर गोळा करून कचऱ्यात टाकावे. ते मोरीत गेले तर नळीत साचून राहते. ब्रशच्या बाबतीत संच अपुरा आहे. नायलॉनचा ब्रश शेवटची झळाळी देतो, पण तळावरच्या बारीक रेघांमधले मेण त्याने निघत नाही, आणि पाण्याला वाट करून देणाऱ्या त्या रेघा मोकळ्या राहणे आवश्यक असते. पितळी तारांचा, मऊ प्रतीचा ब्रश वेगळा घ्यावाच लागतो. भांडी घासण्याची किंवा गंज काढण्याची लोखंडी तारेची कुंची तळाला कधीही लावू नये.

कडांना धार लावण्याचे हत्यार हा या संचाचा सर्वांत कमकुवत भाग आहे. स्कीच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या कडा असतात आणि कठीण, दाबलेल्या बर्फावर वळताना सगळा भार त्यांच्यावर येतो. कडेला दोन कोन असतात. तळाच्या बाजूचा कोन साधारण अर्धा ते एक अंश ठेवतात आणि बाजूचा एक ते तीन अंश. सर्वसामान्य स्कीवर बहुधा खालून एक आणि बाजूने दोन अंश, असा मेळ असतो, पण प्रत्येक निर्माता वेगळा कोन देतो आणि तो त्याच्या माहितीपत्रकात सापडतो. संचातले प्लास्टिकचे हत्यार फक्त एकाच कोनात चालते आणि त्यातील कानशीची पट्टी इतकी आखूड आहे की कडेवर सलग सरळ हात बसत नाही. ज्या स्कीचा कोन या हत्याराशी जुळतो तिच्यासाठी ते तात्पुरते चालेल. ज्या स्कीचा जुळत नाही तिची कड ते हळूहळू बदलून टाकेल. पोलाद एकदा घासून गेले की परत येत नाही आणि स्कीच्या आयुष्यात कड मोजक्याच वेळा कानशीने घासता येते.

माझा सल्ला असा, की कानस मुळातच कमी वापरावी. प्रत्येक दिवसानंतर लागणारी डागडुजी हिऱ्याच्या कणांच्या पट्टीने होते. दगडावर आपटून कडेला उठलेला कडक काटा, म्हणजे बर, ती घासून सपाट करते आणि फारसे पोलाद न काढता धार जागेवर आणते. साधारण २०० आणि ४०० क्रमांकाच्या अशा पट्ट्या मुंबईतच मिळतात. नागदेवी स्ट्रीटवर साचे आणि हत्यारे बनवणाऱ्यांसाठी माल ठेवणारी दुकाने आहेत, तिथे चांगल्या प्रतीच्या कानशी आणि डायमंड पट्ट्या पाहून, हातात घेऊन निवडता येतात. विक्रेत्याला स्कीविषयी सांगून उपयोग नाही; कठीण पोलादाच्या धारेवरचा बर काढायचा आहे असे सांगितले की तो नेमकी वस्तू समोर ठेवतो. या दुकानदारांचे ज्ञान मला ऑनलाइन विक्रेत्यांच्या वर्णनांपेक्षा कितीतरी उपयोगी वाटले. कोन धरून ठेवणारे ॲल्युमिनियमचे गाइड मात्र तिथे मिळत नाही, ते बाहेरूनच मागवावे लागते, आणि आपल्या स्कीच्या कोनाचेच मागवावे.

खाचा भरण्याच्या काड्यांविषयी थोडक्यात सांगतो. काडी पेटवून तिचे थेंब खाचेत पाडायचे असतात. ज्योत तळाच्या जवळ, लहान आणि निळसर राहिली तर थेंब स्वच्छ पडतात, आणि ज्योत मोठी झाली की काजळी मिसळून भरण कच्ची राहते. उथळ ओरखड्यांना हा उपाय पुरतो. खाच तळाच्या आतल्या थरापर्यंत किंवा कडेला लागून गेली असेल, तर पाणी आत शिरून स्की फुगते आणि असे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. प्रत्येक ओरखडा भरण्याचा हट्ट धरू नये.

स्की घट्ट धरून ठेवणारी साधने या संचात नाहीत आणि ती वेगळी घेतल्यास जवळजवळ संचाइतकाच खर्च येतो. घरात कायमचे वर्कबेंच ठेवण्याइतकी जागा मुंबईत कोणाकडे असते? दोन मजबूत स्टुलांवर रबराच्या चटईच्या घड्या ठेवून त्यांवर स्की आडवी टेकवली आणि बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे, ब्रेक जाड रबरबँडने मागे बांधले, तर मेणाचे काम व्यवस्थित होते. कडांच्या कामाला मात्र पकड लागतेच, त्यासाठी सुताराकडचा सी-क्लॅम्प आणि लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात.

आता पावसाळ्याच्या साठवणुकीविषयी. माझ्या मते मुंबईकराने हा संच घेण्याचे खरे कारण हेच आहे. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या काळात हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर राहते आणि समुद्राजवळच्या वस्त्यांत हवेत मिठाचे कणही असतात. मिठाच्या सान्निध्यात पोलाद कसे गंजते हे वरळी किंवा वर्सोव्याच्या कोणत्याही खिडकीच्या ग्रिलकडे पाहून कळते. स्कीच्या कडा रंगवलेल्या नसतात, त्यामुळे उघड्या कडांवर एकाच पावसाळ्यात तांबूस थर येतो. वरवरचा असेल तर तो गंज रबरी घासणीने जातो, पण खोलवर गेलेला गंज धारेत बारीक खड्डे पाडतो आणि ते काढायला पोलाद घासावेच लागते. तळही कोरडा पडतो. कडांजवळ तळ पांढुरका, केसाळ दिसू लागला की तो कोरडा झाला आहे असे समजावे.

म्हणून हंगाम संपून परतल्यावर, स्की माळ्यावर टाकण्यापूर्वी, पुढील काम पूर्ण करावे. स्की आधी पुसून पूर्ण वाळवाव्यात. मग मऊ मेणाचा एक थर इस्त्रीने लावून तो गरम असतानाच खरवडून काढावा, म्हणजे तळातली धूळ आणि जुने मेण त्याच्यासोबत निघते. या पद्धतीमुळे ज्वलनशील क्लीनरची गरजच उरत नाही. कडांवरचा बर आणि गंज काढून त्या कोरड्या कराव्यात. त्यानंतर मेणाचा जाड थर लावावा, तो दोन्ही कडांच्या वरून ओघळून पोलाद पूर्ण झाकेल इतका, आणि हा थर न खरवडता पुढच्या डिसेंबरपर्यंत तसाच ठेवावा. पुढच्या प्रवासाआधी हा थर खरवडून ब्रश केला की स्की तयार असते. संचातील वडी या एका कामात बरीच खर्च होते, म्हणून साठवणुकीसाठी स्वस्त, मऊ मेणाची मोठी वडी वेगळी ठेवणे किफायतशीर ठरते. गंजविरोधी तेलाचा फवारा कडांवर मारण्याचा मोह टाळावा, कारण ते तेल तळावर उतरून मेण मुरण्यात अडथळा आणते.

साठवण्याची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. शेवटच्या मजल्यावरच्या घरात स्लॅबखालचा माळा मे महिन्यात इतका तापतो, की मऊ मेण ओघळून त्याचे डाग पिशवीला लागतात. बाल्कनीत पावसाचे तुषार येतात. बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटामागे ओल असते. आतल्या भिंतीला, जमिनीपासून थोडे वर, तळाला तळ न लावता, पिशवीची चेन उघडी ठेवून उभ्या ठेवलेल्या स्की माझ्याकडे सर्वांत चांगल्या राहिल्या आहेत. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या पावसाळ्यात अधूनमधून कोरड्या कराव्यात. बंद, ओलसर पिशवीत ठेवलेली स्की उघड्यावर ठेवलेल्या स्कीपेक्षाही लवकर गंजते.

बाइंडिंगच्या बाबतीत संचात काहीही नाही, आणि ते योग्यच आहे. बाइंडिंग किती जोराला सुटावे हे स्कीयरचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरते, आणि त्यात चूक झाली तर गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात. घरी फक्त ओल्या फडक्याने पुसून धूळ काढावी, आत वंगण सोडू नये, आणि सुटण्याची पातळी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. बुटांची आतली अस्तरे बाहेर काढून वाळवावीत आणि मग बकल हलके लावून बूट ठेवावेत, म्हणजे त्यांच्या प्लास्टिकचा आकार टिकतो.

हा संच कोणी घ्यावा? जे अजून भाड्याच्या स्की वापरतात त्यांनी तो घेऊ नये. गुलमर्गच्या भाड्याच्या दुकानांत मेण लावून मिळते आणि त्यांचे काम तेवढ्याने भागते. ज्यांच्याकडे स्वतःची जोडी आहे, त्यांनी आयात शुल्क आणि वाहतूक धरून संपूर्ण संचाची किंमत आधी काढावी आणि तिची तुलना सुट्या खरेदीशी करावी. माझ्या हिशेबाने चांगली इस्त्री, मेणाच्या दोन वड्या आणि कोनाचे गाइड बाहेरून मागवून, कानस, डायमंड पट्टी, क्लॅम्प व पितळी ब्रश मुंबईत घेतल्यास खर्च जवळजवळ तेवढाच येतो आणि प्रत्येक वस्तू संचातल्यापेक्षा चांगली मिळते. ज्यांना दुकाने धुंडाळण्यास वेळ नाही त्यांच्यासाठी संच वाईट नाही, पण त्यांनी त्यातले कडांचे हत्यार बाजूला ठेवून द्यावे.

प्रवासात संपूर्ण सामान नेण्याची गरज नसते. काश्मीरमध्ये हिवाळ्यात वीज अधूनमधून जाते आणि हॉटेलच्या खोलीत गालिच्यावर मेण वितळवणे योग्य नाही, म्हणून इस्त्री घरीच ठेवून मुंबईहून निघतानाच दोन वेळा मेण लावून जावे. सोबत डायमंड पट्टी, स्क्रेपर आणि थंडपणे घासून लावता येणारी मेणाची छोटी वडी पुरते. हे सगळे विमानात केबिनच्या पिशवीत न ठेवता चेक-इन सामानात टाकावे. ज्वलनशील क्लीनरची बाटली मात्र दोन्हीपैकी कोणत्याच सामानात चालत नाही.